काकांच्या प्रश्नाचं उत्तर

१५ जून २०२५

प्रिय सतीश,

तुझं पत्र आणि काकांच्या पार्किन्सनवर पेशींचा इलाज करू म्हणणाऱ्यांच्या माहितीपत्रकाचे दोन्ही फोटो मिळाले. पत्रक नंतर वाचलं. आधी मागच्या कोऱ्या बाजूवर काकांनी पेन्सिलीने लिहिलेली ओळ वाचली: 'माझ्या कातडीतून मेंदूतली पेशी खरंच करता येते का?' सुरुवातीचं 'माझ्या' चांगलं टपोरं आहे आणि शेवटच्या 'का'पर्यंत येता येता अक्षर मुंगीएवढं झालंय. पार्किन्सनमध्ये अक्षर असं बारीक होत जातं हे मला ठाऊक आहे, तरी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसलो.

काकांना सांग, करता येते. मी रोज तशाच प्रकारचं काम करतो.

आपल्या कातडीच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत जनुकं तीच असतात; कुठली चालू आणि कुठली बंद, एवढाच फरक. एकदा कातडीची झालेली पेशी मागे फिरत नाही, असं पूर्वी धरून चालत. जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक अंड्यात घालून त्यातून पुन्हा पिल्लं वाढवून दाखवली, म्हणजे मागे फिरता येतं. पण अंड्याशिवाय ते कसं करायचं, याला आणखी चाळीसेक वर्षं लागली. जपानमधल्या क्योतोमध्ये शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी २४ जनुकं निवडली, ती एकत्र उंदराच्या पेशीत घातली आणि मग एकेक वगळत गेले. शेवटी चारच उरली. तेवढ्यांवर पेशी भ्रूणाच्या पहिल्या दिवसांतल्या पेशीसारखी होते, आणि तिच्यापासून शरीरातली जवळजवळ कुठलीही पेशी घडवता येते. उंदरात हे २००६ मध्ये झालं, माणसाच्या पेशीत २००७ मध्ये. यांनाच आयपीएस पेशी म्हणतात. गर्डन आणि यामानाका दोघांना २०१२ चं नोबेल मिळालं.

आमच्या प्रयोगशाळेत मी त्या पेशींपासून हृदयाच्या पेशी करतो. रोज मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो पोषक द्रव, बदलायचं, सुट्टीच्या दिवशीही. आठ-दहा दिवस काहीच दिसत नाही. मग एका सकाळी डिश सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावी तर एका कोपऱ्यातला ठिपका आकसतो, सैल पडतो, पुन्हा आकसतो. दोन दिवसांत सगळी चादर एका तालात हलायला लागते. कुणाच्या तरी दंडातून काढलेल्या रक्ताचं ते झालेलं असतं. रुग्णाच्या पेशींपासून असं हृदय डिशमध्ये केलं की त्याचा आजार डिशमध्ये बघता येतो, औषध आधी तिथे घालून ठोके बिघडतात का ते तपासता येतं. बातम्यांत याबद्दल फारसं येत नाही, पण आज या पेशींचा सर्वांत जास्त उपयोग मला इथेच दिसतो.

आता काकांच्या कामाचं. पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं रसायन, करणाऱ्या पेशी मरत जातात. क्योतोच्याच गटाने दात्याच्या आयपीएस पेशींपासून त्या पेशींच्या आधीची अवस्था तयार केली आणि सात रुग्णांच्या मेंदूत दोन्ही बाजूंना शस्त्रक्रियेने सोडली. दोन वर्षं लक्ष ठेवून निकाल एप्रिल २०२५ मध्ये छापले. गंभीर दुष्परिणाम नाही, गाठ नाही, आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये डोपामिन वाढलेलं दिसतंय. ज्या सहा जणांची हालचाल मोजली त्यातल्या चौघांना, पार्किन्सनच्या नेहमीच्या औषधाचा असर नसतानाही, फरक पडला. पेशी दुसऱ्याच्या, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागली. सातच माणसं आहेत, सतीश, पण तो लेख वाचताना मला काकाच दिसत होते.

आणि हे लोक इतके सावकाश का जातात, ते त्यांना नीट सांग. त्या चार जनुकांतलं एक, सी-मिक, कर्करोगाशी जोडलेलं आहे. शिवाय घडवलेल्या पेशींत एखादी न घडलेली राहिली तर ती मनाला येईल तशी वाढते आणि गाठ करते. २०१४ मध्ये जपानमध्येच कोबेला मासायो ताकाहाशी यांच्या गटाने सत्तरीतल्या एका बाईंच्या डोळ्यात त्यांच्याच कातडीपासून केलेल्या आयपीएस पेशींतून घडवलेला पेशींचा पातळ थर बसवला, जगात पहिल्यांदा. दुसऱ्या रुग्णासाठीही पेशी तयार झाल्या. तपासणीत त्यांच्या जनुकांत बदल दिसले आणि ती शस्त्रक्रिया झालीच नाही. त्या बदलांनी अपाय झालाच असता असं कुणी म्हणत नव्हतं. तरी थांबले. या सगळ्या हकिकतीत मला सर्वांत जास्त भरवसा त्या न झालेल्या शस्त्रक्रियेमुळे वाटतो.

तुझ्या पत्रकात हे काहीच नाही. पोटाच्या चरबीतून पेशी काढणार, दुपारपर्यंत शिरेतून सोडणार, पार्किन्सन, मधुमेह, गुडघे, सगळ्यावर एकच इलाज. त्या आयपीएस पेशी नव्हेतच. चरबीतल्या पेशी मेंदूत जाऊन डोपामिन करू लागत नाहीत. शिरेतून सोडलेल्या बहुतेक आधी फुप्फुसातच अडकतात. किती रुग्ण, किती दिवस पाहिले, निकाल कुठे छापले, याचा एक शब्द नाही. आहे तो पैसे आगाऊ भरण्याचा नियम. दुखणाऱ्या माणसाच्या दारात हे असलं काही आणून ठेवतात याची मला फार चीड येते. पैसे भरू नकोस. भरले असशील तर आज रात्रीच फोन कर, परत कसे मागायचे ते बघू.

काकांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना मात्र विचार, औषधांच्या वेळा बदलून बघता येतील का, आणि डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत बारीक तारा बसवून विजेचे हलके स्पंद देण्याची शस्त्रक्रिया, त्यांना चालेल का. हे दोन्ही आज हातात असलेले उपाय आहेत. रोजचा व्यायाम सोडू देऊ नकोस.

सोबत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवतोय, परवाच्याच डिशचा. डाव्या कोपऱ्यात बघायला सांग, ठोका तिथून सुरू होतो. आणि पुढचा प्रश्न त्यांनीच लिहावा, पेन्सिलीने, अक्षर कितीही बारीक झालं तरी. मी वाचतो.

तुझा,
अनंत