सईला, फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या पत्त्यावर

स्लाऊ, इंग्लंड, फेब्रुवारी 2026

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, 2016 ला तू कुठल्या बाजूने मत दिलं होतंस? मला सेमिनारसाठी हवंय." मी म्हणालो, आवाज तुटतोय. आवाज चांगला येत होता.

म्हणून हे पत्र. मराठीत लिहितोय, कारण इंग्रजीत मी हे फार सफाईने सांगेन आणि त्यातच निसटेन. शनिवारच्या शाळेतलं मराठी पणाला लाव. एखादा शब्द अडला तर आईला विचार, तिला सगळं माहीत आहे.

मी लीव्हला, म्हणजे ब्रिटनने युरोपियन युनियनमधून बाहेर पडावं याला, मत दिलं होतं.

त्या मतदानात इथे राहणाऱ्या कॉमनवेल्थच्या नागरिकांना मत होतं, त्यामुळे माझा पासपोर्ट भारतीय असूनही नाव यादीत होतं. त्याच्या दोन वर्षं आधी तुझ्या आजीचा इकडे येण्याचा व्हिजा नाकारला गेला होता. "परत जाईल याची खात्री वाटत नाही" असं कारण. निपाणीतलं घर, दोन म्हशी आणि तुळशीवृंदावन सोडून ती स्लाऊत लपून राहणार होती म्हणे! आणि माझ्याबरोबर काम करणारा स्लोव्हाक मुलगा आईला नुसतं विमानाचं तिकीट काढून घेऊन यायचा. मला त्याचा राग नव्हता, पण आत कुठेतरी साचत गेलं. प्रचारात आपल्या लोकांना सांगत होते की युरोपचं दार बंद झालं की तुमचं उघडेल. ते अगदीच खोटं ठरलं असंही नाही. 2021 नंतर भारतातून येणारे विद्यार्थी आणि कामगार खरोखरच खूप वाढले. फक्त तोवर आजी गेली होती.

दुसरं कारण सांगताना मला आता लाज वाटते. टीव्हीवर सारखं यायचं, युरोपियन कोर्टाने असा निकाल दिला, तसा निकाल दिला. मी चिडायचो, कोण हे लांब बसून आम्हाला सांगणारे? डिसेंबरात तू आम्हाला नदीकाठच्या त्या इमारतीसमोर उभं केलंस आणि म्हणालीस, "बाबा, हे मानवी हक्क न्यायालय. हे युरोपियन युनियनचं नाही. कौन्सिल ऑफ युरोपचं आहे. कौन्सिल 1949 सालची, ब्रिटन तिचा संस्थापक सदस्य, आणि अजूनही तिच्या 46 सदस्य देशांमध्ये आहे." मी थंडीमुळे गप्प आहे असं तुला वाटलं. माझा निम्मा राग चुकीच्या इमारतीवर होता, सई. पलीकडे युरोपियन युनियनच्या संसदेची ती भली मोठी काचेची इमारत, 720 खासदारांची, आणि वर्षातून 12 वेळा ब्रसेल्सहून पेट्या भरून येणारं त्यांचं बिऱ्हाड. त्यावर तू हसलीस, मीही हसलो. राग धरायला ते निदान योग्य ठिकाण होतं!

पण ज्याच्यामुळे मला रात्री झोप लागली नाही ते वेगळंच. रिपब्लिक चौकातलं ते युद्धस्मारक. आईच्या मांडीवर दोन मरणारी मुलं, एकमेकांचे हात धरलेली, अंगावर कपडे नाहीत. तू सांगितलंस, गणवेश घातला असता तर कुठल्या देशाचा, हा प्रश्न आला असता. खाली फक्त "आमच्या मृतांना". फ्रान्समधल्या गावोगावच्या स्मारकांवर असतं ते "फ्रान्ससाठी" इथे नाही, कारण पहिल्या महायुद्धात अल्सासची, म्हणजे स्ट्रासबर्गच्या या मुलखाची, पोरं जर्मन सैन्यात होती. 1936 साली ते उभारलं आणि चार वर्षांत हिटलरची माणसं परत आली. मग पुन्हा तेच, अल्सास आणि शेजारचा मोझेल मिळून साधारण 1 लाख 30 हजार मुलं जबरदस्तीने जर्मन फौजेत. तू म्हणालीस, 1871 ला हा मुलूख जर्मनीला दिला तेव्हा बोर्दोच्या सभेत इथले प्रतिनिधी निषेध वाचून बाहेर पडले. कारण इथल्या लोकांना कोणी विचारलंच नव्हतं.

"विचारलंच नव्हतं" हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आलोय. 1 नोव्हेंबर 1956 ला निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. आजोबा गल्लीत त्याच कट्ट्यावर बसलेले, तीच तंबाखूची वखार समोर, आणि राज्य बदललेलं. त्यांच्या बोलण्यात दर चार वाक्यांनी यायचं, आम्हाला कोणी विचारलं? (स्ट्रासबर्गचं दुःख आणि आपलं दुःख एका तागडीत घालू नकोस. आपल्याकडून कोणी पोरं पळवून रशियाच्या आघाडीवर नेली नाहीत. तुझ्या निबंधात तुलना करायची असेल तर जपून कर.)

तर असा मी, "आम्हाला विचारलं नाही" हे ऐकत वाढलेला. आणि 2016 ला मला विचारलं गेलं. आपल्या शेजारच्या पोलिश मावशीला नाही. ती इथे बारा वर्षं राहत होती, रात्रपाळी करून कर भरत होती, तुला शाळेतून आणत होती. मी तिच्यानंतर आलो होतो. तिला मत नव्हतं, मला होतं. तू अकरा वर्षांची, तुलाही अर्थात नव्हतं.

24 जूनला सकाळी निकाल कळला, 51.9 विरुद्ध 48.1. स्लाऊनेही लीव्हच म्हटलं होतं. साडेसातला मावशी दारात. हातात आपला स्टीलचा डबा. डबा रिकामा परत द्यायचा नसतो हे ती आईकडूनच शिकली होती, त्यात पिएरोगी होत्या, त्यांच्याकडच्या सारण भरलेल्या करंज्यांसारख्या. तिचे डोळे सुजलेले. म्हणाली, "तुम्हाला मत होतं ना? थँक यू." तिने गृहीतच धरलं होतं. मी डबा घेतला आणि काही बोललो नाही. 2019 ला ती पोलंडला, व्रोत्सवाफला परत गेली.

तुझं नुकसान त्यामानाने कागदोपत्री आहे. युरोपात विद्यार्थ्यांची अदलाबदल करणारं इरॅस्मस गेलं, त्याजागी ब्रिटनची ट्युरिंग योजना आली, जी इथल्या मुलांना बाहेर पाठवते पण तिकडच्यांना इकडे आणत नाही. फ्रान्सच्या विद्यार्थी व्हिजासाठी तू बँकेचे कागद घेऊन हेलपाटे घातलेस आणि तुझ्या मैत्रिणीने आयरिश आजीच्या जोरावर पासपोर्ट काढून नुसती बॅग भरली. 2027 पासून ब्रिटन पुन्हा इरॅस्मसमध्ये जायचं ठरलंय. तुझं परदेशातलं वर्ष तोवर संपलेलं असेल. व्हिजाच्या त्या सकाळी रांगेत तुझ्या शेजारी उभा राहून मी "काय ही कटकट" असं मोठ्याने म्हणालो होतो. आईने माझ्याकडे पाहिलं. तुला तेव्हा कळलं नसेल, ती का पाहत होती.

सेमिनारमध्ये हे वापरायचं असेल तर वापर, नाव घातलं नाहीस तर बरं. आणि तुझे वर्गमित्र लीव्हवाल्यांना अडाणी म्हणतात असं तू सांगत होतीस. म्हणू देत. तू मात्र त्यांना आजीच्या व्हिजाचंही सांग, आणि चुकीच्या इमारतीचंही.

ईस्टरच्या सुट्टीत पोलंडला जाणार म्हणालीस. मावशीचा पत्ता आईने वेगळ्या चिठ्ठीत घातलाय. पार्सलमध्ये चकल्यांचा डबा आहे, तोच जुना, झाकणावर आजोबांचं नाव कोरलेला. तो तिला दे. मताचं तू काही बोलू नकोस, ते मी फोनवर सांगणार आहे, तू तिथे पोचायच्या आधी.

तुझा,
बाबा