जाहीर केलेला कार्यक्रम न देता तिकिटाची पूर्ण रक्कम ठेवून घेतल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन तिकीट विक्री विभाग.

विषय : नागपूर येथील इंडी (स्वतंत्र कलाकारांच्या) संगीत कार्यक्रमाच्या दोन तिकिटांचा अंशतः परतावा व आयोजकाचा तपशील मिळणेबाबत.

संदर्भ : बुकिंगची पावती व आपल्या ग्राहक सेवेशी झालेला ई-मेल व्यवहार.

महोदय,

गेल्या शनिवारी वर्धा रोडवरील एका लॉनवर झालेल्या संगीत कार्यक्रमाची दोन तिकिटे मी आपल्या अ‍ॅपवरून काढली होती. कार्यक्रमाच्या पानावर सायंकाळी 6.30 ही सुरुवातीची वेळ दिलेली होती. आधी नागपूरच्याच एका तरुण बँडचे पाऊण तासाचे सादरीकरण आणि त्यानंतर मुंबईच्या मुख्य बँडचे दीड तासाचे, असा क्रमही तेथे स्पष्ट लिहिलेला होता. प्रत्यक्षात संगीत सुरू झाले ते रात्री 9.15 वाजता, नागपूरचा बँड मंचावर आलाच नाही आणि मुख्य बँडला दहाच्या ठोक्याला थांबावे लागले. परतावा मागितला असता "कार्यक्रम पार पडलेला असल्याने परतावा लागू नाही" असे एका ओळीचे उत्तर आपल्या ग्राहक सेवेकडून आले. हे उत्तर मला मान्य नाही आणि त्याची कारणे पुढे सविस्तर मांडत आहे.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 नुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांच्या निमित्ताने वर्षातील जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे, परंतु त्या शनिवारी तशी सवलत नव्हती, हे आयोजकाच्याच निवेदकाने मंचावरून सांगितले. म्हणजे दहाला सगळे बंद होणार, हे आयोजकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. बंदिस्त सभागृहातला कार्यक्रम रेंगाळला, तर श्रोत्यांना घरी जायला उशीर होतो एवढेच. लॉनवरचा कार्यक्रम रेंगाळला, तर तेवढा वेळ थेट गाण्यांमधून वजा होतो. त्यामुळे "थोडा विलंब झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत" ही आपल्या ई-मेलमधील भाषा येथे लागू पडत नाही. विलंब झाला असता तर गाणी उशिरा ऐकायला मिळाली असती. येथे ती मिळालीच नाहीत.

हा वेळ नेमका कोठे गेला, हे मी स्वतः पाहिले आहे. प्रवेशद्वार सायंकाळी 5.30 वाजता उघडणार होते, ते सातनंतर उघडले. तिकिटावरचा क्यूआर कोड स्कॅन करायला उभ्या केलेल्या मुलांच्या मोबाइलला नेटवर्कच मिळत नव्हते. "सुरूच होऊन राहिलं, ताई, पाच मिनिटं थांबा," असे ती बिचारी प्रत्येकाला सांगत होती. अखेर त्यांच्यापैकी एकाने कुठून तरी छापील यादी मिळवली, तिच्यावर बोट फिरवत तो एकेक नाव शोधू लागला, आणि मनगटावर बांधायच्या कागदी पट्ट्या संपल्या तेव्हा लोकांच्या हातावर स्केचपेनने आडवी रेघ मारून त्यांना आत सोडण्यात आले. "सुविधा शुल्क" या नावाने आपण जी रक्कम घेतलीत, त्या बदल्यात मिळालेली सुविधा ती ही.

आत गेल्यावर साउंड चेक, म्हणजे वाद्ये व ध्वनियंत्रणेची चाचणी, नुकताच सुरू झालेला दिसला. हे काम दुपारी, मैदान रिकामे असताना उरकायचे असते. श्रोते समोर उभे आणि ड्रमर पायाने वाजवायचा एकच ड्रम पुन्हा पुन्हा वाजवतो आहे, मिक्सरवरचा (सर्व वाद्यांचा आवाज जुळवणाऱ्या यंत्रावरचा) माणूस हात वर करून "अजून एकदा" अशी खूण करतो आहे, मग पुन्हा तेच, असा प्रकार नऊ वाजून गेले तरी चालला होता. शिवाय मिक्सर मंचासमोर, श्रोत्यांच्या मध्यभागी न ठेवता डाव्या कोपऱ्यात, खाद्यपदार्थांच्या स्टॉलला लागून ठेवला होता. श्रोत्यांना जे ऐकू येते तेच ध्वनी सांभाळणाऱ्या माणसालाही ऐकू यावे, म्हणून त्याची जागा मध्यभागी असते, हे अशा कार्यक्रमांना नेहमी जाणाऱ्या कोणालाही माहीत आहे. ती जागा येथे प्रायोजकांच्या पाहुण्यांसाठी मांडलेल्या सोफ्यांनी अडवली होती. अ‍ॅपवरच्या नकाशात मंचाला लागून दाखवलेली, आम्ही ज्याचे पैसे भरले तो उभ्याने ऐकण्याचा भाग त्या सोफ्यांच्या मागे ढकलला गेला होता. परिणामी पहिली दोन गाणी बास गिटारच्या गुरगुरीखाली दबून गेली आणि शब्द कानी पडलेच नाहीत. या संगीतात शब्दांना जेवढे महत्त्व आहे तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाला असेल, म्हणून हा मुद्दा मी किरकोळ मानत नाही.

नागपूरच्या बँडबद्दल मात्र मला जरा अधिक लिहायचे आहे, कारण आपल्या उत्तरात त्यांचा उल्लेखसुद्धा नाही. ही मुले वेळेवर आली होती आणि वाद्ये जुळवून मंचामागे थांबली होती. "आज तुमचं होणार नाही" हे त्यांना साडेआठनंतर सांगण्यात आले, असे त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच समाजमाध्यमावर लिहिले. इंडी बँड म्हणजे मोठ्या संगीत कंपनीचा आधार न घेता स्वतःच्या खिशातून ध्वनिमुद्रण करणारी, स्वतःच प्रसिद्धी सांभाळणारी मंडळी. स्ट्रीमिंगवर एकदा गाणे वाजले की त्यांच्या पदरी रुपयाहूनही कमी रक्कम पडते, म्हणून त्यांची खरी मदार मंचावर असते. गावातल्या बँडला मोठ्या बँडच्या आधी वाजवायला मिळणे ही त्यांच्या दृष्टीने वर्षातली सर्वांत मोठी संधी असू शकते. मी आणि माझ्या धाकट्या भावाने ही तिकिटे जितकी मुख्य बँडसाठी घेतली होती तितकीच त्यांच्यासाठी. त्यांचे नाव आणि छायाचित्र आपल्या पानावर शनिवारी मध्यरात्रीपर्यंत झळकत होते. जे नाव दाखवून तिकीट विकले, ते नाव वगळले गेल्यावर ग्राहकाला साधा एसएमएससुद्धा पाठवू नये, ही सेवेतील त्रुटी नव्हे तर काय?

विक्रीच्या पद्धतीबद्दलही तक्रार आहे. तिकीट काढताना "शेवटची काही तिकिटे शिल्लक" असे लाल अक्षरांत दिसत होते. शनिवारी निम्मे लॉन मोकळे होते. दोन तिकिटांचे 2,998 रुपये दाखवून पैसे भरण्याच्या शेवटच्या पायरीवर सुविधा शुल्क व त्यावरील जीएसटी मिळून 354 रुपये जोडले गेले, आणि देणगीच्या चौकटीत आधीच टिक करून ठेवल्याने आणखी 20 रुपये गेले. एकूण 3,372 रुपये. केंद्र सरकारने 2023 मध्ये अधिसूचित केलेल्या डार्क पॅटर्नविषयीच्या (ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत खोटी निकड भासवणे, ग्राहकाच्या संमतीविना देयकात रक्कम टाकणे आणि किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे, या तिन्ही प्रकारांची नावानिशी नोंद आहे. आपल्या विधी विभागाला ती ठाऊक नसतील, असे मला वाटत नाही.

"आम्ही केवळ विक्रीचा मंच आहोत, कार्यक्रमाची जबाबदारी आयोजकाची आहे," असे आपले म्हणणे आहे. हे क्षणभर मान्य केले तरी ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 अन्वये खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागणी केल्यास विक्रेत्याचा पत्ता, ई-मेल आणि संपर्कासाठी आवश्यक तपशील देणे अशा मंचावर बंधनकारक आहे. पानावर आयोजकाचे फक्त बोधचिन्ह होते. पत्ता नव्हता, दूरध्वनी नव्हता. हे पत्र म्हणजे माझी ती लेखी मागणी समजावी.

सप्टेंबर 2024 मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या मुंबईतील कार्यक्रमांची तिकिटे मिनिटांत संपली आणि काळ्या बाजारात अनेक पटींनी विकली गेली, तेव्हा देशभर चर्चा झाली, चौकशा सुरू झाल्या. नागपुरातल्या एका लॉनवरच्या छोट्या कार्यक्रमाची बातमी होत नाही, त्यामुळे येथे काहीही खपून जाईल, असा समज आयोजकांचा आणि आपलाही झालेला दिसतो. 2024 च्या अखेरीस पंजाबी गायक दिलजीत दोसांझचा दौरा पुण्याला थांबला, इंदूरला थांबला. नागपूरकर गाड्या पकडून तिकडे गेले. पैसे मोजून संगीत ऐकणारा वर्ग या शहरात आहे. तो लहान कार्यक्रमांनाही येतो की नाही, हे मात्र अशा शनिवारांवर ठरते.

माझी मागणी अशी आहे. जाहीर केलेल्या सव्वादोन तासांच्या संगीतापैकी आम्हाला पाऊण तास मिळाला, त्या हिशेबाने दोन तृतीयांश रक्कम मागता आली असती. परंतु त्या पाऊण तासात, ध्वनी सावरल्यानंतर, मुख्य बँड मनापासून वाजला आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही, म्हणून तिकिटांची निम्मी रक्कम 1,499 रुपये, सुविधा शुल्काचे 354 रुपये आणि देणगीचे 20 रुपये, असे एकूण 1,873 रुपये मूळ खात्यात परत करावेत. ही रक्कम कूपन किंवा अ‍ॅपमधील शिलकीच्या स्वरूपात मला नको. आयोजकाचा तपशीलही त्यासोबत कळवावा. नागपूरच्या बँडला ठरलेले मानधन मिळाले की नाही, हे विचारण्याचा कायदेशीर अधिकार मला नाही याची जाणीव आहे. तरीही आपण आयोजकाकडे ती चौकशी करावी, अशी विनंती करते.

वर उल्लेख केलेल्या ई-कॉमर्स नियमांनुसार या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे अपेक्षित आहे. तसे न झाल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि गरज पडल्यास नागपूर येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला आपल्या राहत्या ठिकाणच्या आयोगाकडे दाद मागता येत असल्याने आपले नोंदणीकृत कार्यालय कोणत्या शहरात आहे, हा प्रश्न त्या वेळी आड येणार नाही.

कळावे,

आपली विश्वासू,
(नाव व मोबाइल क्रमांक बुकिंगच्या नोंदीप्रमाणे)
नागपूर

सोबत : तिकिटांची पावती, कार्यक्रमाच्या पानाचे व देयकाच्या पायरीचे स्क्रीनशॉट, लॉनवरील आसनव्यवस्थेची छायाचित्रे, ग्राहक सेवेचे ई-मेल.