स्टेन गनवरचे शिक्के रंगाखाली गाडू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जुन्या शस्त्रांचं प्रदर्शन भरलं की पेपरात फोटो छापून येतो आणि खाली एकच ओळ असते, "दुसऱ्या महायुद्धातली मशीनगन". बरेचदा ती मशीनगन नसतेच, असते सबमशीन गन, म्हणजे पिस्तुलाची 9 एमएम गोळी झाडणारी, आणि त्यातही स्टेन, म्हणजे महायुद्धातली ब्रिटिश सबमशीन गन, कुठली नि कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनलेली कार्बाइन कुठली याचा सगळा घोळ. दोन्हींचं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, डाव्या बाजूला आडवं लागतं म्हणून लोक फसतात, पण स्टेनचं मॅगझिन सरळ असतं आणि कार्बाइनचं वाकडं, एवढं बघितलं तरी निम्म्या चुका टळतील.

पण माझी खरी तक्रार रंगाबद्दल आहे. आपल्याकडच्या एका संग्रहालयात स्टेनला काळ्या ऑइल पेंटचा इतका जाड हात मारलाय की मॅगझिन हाउसिंगवरची, म्हणजे मॅगझिन जिथं बसतं त्या भागावरची, अक्षरं पार बुजून गेलीत, आणि सगळा इतिहास तिथंच तर असतो हो!

स्टेन 1941 साली ब्रिटनमध्ये घाईघाईत बनली, कारण फ्रान्समधून माघार घेताना डंकर्कला सैन्याने शस्त्रं मागे टाकलेली आणि अमेरिकन थॉम्पसन गन परवडत नव्हती. पहिली मार्क वन (मार्क म्हणजे मॉडेल) शिलाई मशीनवाल्या सिंगर कंपनीने केली, तिला पुढे लाकडी मूठ आणि नळीच्या तोंडाला फ्लॅश हायडर, म्हणजे गोळी सुटतानाची ज्वाळा झाकणारा भाग, होता, मग वन स्टारमध्ये हे दोन्ही काढून टाकलं, आणि मार्क टू मध्ये तर हाउसिंग फिरवून खोक्यात सपाट मावेल अशी सोय केली. मार्क थ्री लाइन्स ब्रदर्सने बनवली, ही मूळची खेळणी बनवणारी कंपनी, गनचं अंग पत्रा गोल वळवून वरून वेल्ड करायचे, त्यामुळे त्या अंगाच्या पाठीवर लांब उभट शिवण दिसते, नुसतं बोट फिरवलं तरी लागते. असे जवळपास 8 लाख 76 हजार नग निघाले. मार्क टू बीएसए, फझाकर्ली, थील अशा ब्रिटनमधल्या कारखान्यांत आणि कॅनडात लाँग ब्रँचलाही बनत होती, कॅनडावालीवर कारखान्याचं नाव आणि साल ठोकलेलं सापडतं. सुटे भाग तर असंख्य छोट्या वर्कशॉपमधून यायचे, त्यांच्यावर एम, एन किंवा एस आणि पुढे नंबर, म्हणजे मिडलँड्स, उत्तर की दक्षिण, कारण कारखान्याचं नाव टाकलं तर शत्रूला पत्ताच मिळाला असता.

आता हे सगळं रंगाखाली गेलं तर ती गन कुठून आली कसं कळणार? आणि ही नुसती परदेशी भानगड नाही. 6 फेब्रुवारी 1948 ला जम्मूतल्या नौशेऱ्याजवळ तैनधारच्या चौकीवर नायक जदुनाथ सिंग जखमी अवस्थेत एकटे शत्रूवर धावून गेले तेव्हा हातात स्टेनच होती, परमवीर चक्र मिळालं त्यांना. आपल्या जवानांनी वापरलेली वस्तू आहे ही, तिच्यावरचा एकेक शिक्का जपायला नको का?

म्हणून संग्रहालयवाल्यांना कळकळीची विनंती, पॉलिश पेपर आणि ब्रश लांब ठेवा, खोलीतले दिवे मालवून टॉर्च बाजूने तिरका धरा, उथळ अक्षरं लगेच उठून दिसतात, तसेच फोटो काढा, रजिस्टरला मार्क, कारखाना, साल आणि सगळे छोटे शिक्के जसेच्या तसे उतरवून घ्या, वेगवेगळ्या भागांवर वेगवेगळे नंबर आले तरी घाबरून पुसू नका, फौजेच्या वर्कशॉपमध्ये भाग बदलले जायचेच. आणि तुमच्या फोटोग्राफरना सांगा, अख्ख्या गनच्या फोटोबरोबर हाउसिंगचा एक क्लोजअपही छापा.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, पुणे