दस्ता वाचवणाऱ्यांचे आभार

रायफलच्या दस्त्याला मुठीपाशी तडा गेला तेव्हा ‘नवा घ्या’ म्हणणारे पुष्कळ भेटले. ‘थांबा, आधी तडा कुठून सुरू होतो ते बघा’ म्हणणारे मोजकेच. हे आभार त्या मोजक्यांचे. नावं नकोत, असं त्यांनीच बजावलंय.

तड्याचं मूळ टँगच्या, म्हणजे रायफलच्या पोलादी भागाच्या मागच्या शेपटीच्या, मागे निघालं. तिथे पोलाद लाकडाला घट्ट भिडलेलं, त्यामुळे प्रत्येक बाराला टँग पाचरीसारखी घुसत होती. तेल मुरलेलं लाकूड इपॉक्सी गोंद धरत नाही, हे एका ताईंनी सांगितलं आणि फडक्यावर पिवळा डाग उमटेनासा होईपर्यंत ॲसिटोनने तडा पुसायला लावला. मग पातळ इपॉक्सी, आतून आडवी पितळी पिन. झालं.

मग बेडिंग, म्हणजे ॲक्शन (नळीमागचा पोलादी सांगाडा) दस्त्यात नेमकी बसावी म्हणून मध्ये इपॉक्सी भरणं. त्याचा खरा वेळ तयारीत जातो. स्क्रूची भोकं प्लॅस्टिसिनने (खेळण्यातल्या मऊ मातीने) बुजवायची. रिकॉइल लगच्या (ॲक्शनखालच्या, बाराचा धक्का दस्त्याला देणाऱ्या पोलादी ठोकळ्याच्या) पुढे, खाली आणि दोन्ही बाजूंना टेप लावायची. मागची बाजू मात्र उघडी, कारण धक्का तीच पेलते. मग सगळ्या पोलादावर मेणाचा हात. एक कोपरा सुटला तर ॲक्शन दस्त्यातच चिकटली म्हणून समजा! (‘मेण लावून झालं? आता परत लावा’ म्हणणाऱ्या काकांना दंडवत.)

आता पुढचा स्क्रू सैल केला तरी नळी उचलत नाही आणि तिच्याखालून कागदाची पट्टी सहज सरकते. टँगमागे बारीक फट दिसते, ती मुद्दाम ठेवलेली आहे.