एफ१ दाबण्यापासून सुटका करणाऱ्यांचे आभार

दोन महिने रोज सकाळी तेच. घरचा कॉम्प्युटर सुरू केला की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: 'सीमॉस चेकसम एरर' (म्हणजे कॉम्प्युटरने जपून ठेवलेल्या सुरुवातीच्या सेटिंग्ज बिघडल्या), पुढे जायला एफ१ दाबा. दाबलं की चालू व्हायचा, पण तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली. त्यामुळे बँकेचं पान 'सुरक्षित नाही' म्हणत उघडायचंच नाही. विंडोज दोनदा नव्याने टाकलं, फरक पडला नाही.

शेवटी इथे ऑनलाइन मदत मागितली, तेव्हा तुमच्यातल्या एकांनी नेमकं विचारलं, "रात्री भिंतीवरचं बटण बंद करता का?" हो, करते. तिथेच दुखणं सापडलं. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किटवरचा) सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल संपला होता. ३ व्होल्टचा हवा, मल्टिमीटरवर २.३ भरला. कॅबिनेट उघडताना माझे हात कापत होते. तेव्हा दुसऱ्या कुणी मी टाकलेल्या आतल्या भागाच्या फोटोवरच बाण काढून क्लिप कुठे दाबायची ते दाखवलं, आणि आधी प्लग काढायची आठवण दोनदा केली. ती काळजी मनात राहिली आहे.

नवा सेल बसवला, तारीख लावून सेव्ह केली. आज नववा दिवस, थेट विंडोज उघडतंय. बाबांची पेन्शन जमा झाल्याचं काल त्यांना याच कॉम्प्युटरवर दाखवलं. तुमची नावं मला ठाऊक नाहीत. मनापासून आभार.