आज पुन्हा नाइट

ती. आई-बाबांना,
सा. न.

परवा फोनवर मी "सगळं ठीक" म्हणाले आणि आईने लगेच विचारलं, "आवाज का बसलाय?" बसला नव्हता गं, चिडलेला होता.

माझ्याच वॉर्डात एक सिस्टर आहे. गेल्या पाच महिन्यांत तिला एकही नाइट लागलेली नाही. मेट्रनबाईंची मर्जी. कागदोपत्री ती वॉर्डात, पण सकाळी येते ती थेट ऑफिसात, स्टॉकचं रजिस्टर लिहायला. तासाभराचं काम ते! तिच्या वाटच्या नाइट आम्हा चौघींच्या गळ्यात. या महिन्यात माझ्या अकरा.

रात्री अख्ख्या वॉर्डाला आम्ही दोघीच. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. मंगळवारी बारा नंबरच्या आजोबांची तीनची वेळ हुकली, मी चारला कूस बदलली. चार्टवर चारच लिहिलं. सकाळी ही कडक इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये आली, चार्ट चाळला आणि म्हणाली, "तीनचं चारला का गं?" हातातला ट्रे आपटावासा वाटला.

कामात कच्ची असती तर एवढा राग आला नसता. गेल्या आठवड्यात एका बाळाची शीर कुणालाच सापडेना. तीनदा टोचून झालं, बाळ रडून लालबुंद. शेवटी हिला बोलावलं. तिने दोन बोटांनी हात चाचपला आणि पहिल्याच टोचणीत सलाईन सुरू. मग परत जाऊन खुर्चीत बसली. असला हात रजिस्टरात रेघा ओढतोय! त्या दिवसापासून मी तिच्याशी धड बोलतही नाही.

रोस्टर ती लावत नाही, हे कळतं मला. पण मेट्रनबाईंसमोर माझं तोंड उघडत नाही, म्हणून हिच्यावर धुमसते.

बाबा, अर्ज लिहिण्यात तुमचा हात कोण धरणार? मजकूर सोबत पाठवतेय. तिचं नाव कुठेही घातलेलं नाही. पाच महिन्यांचं रोस्टर जोडलंय आणि नाइट सगळ्यांना सारख्या लावा, एवढंच मागितलंय. बाकीच्या तिघींपैकी दोघी सही करतील, तिसरी "बघू" म्हणते. "अन्याय" हा शब्द दोनदा आलाय, एक काढू का?

आई, वाचून लगेच फोन करू नकोस. आज पुन्हा नाइट आहे, दिवसा झोपेन. सहानंतर मीच करते.

तुमची लेक