वणवा विझवणाऱ्या गार्डांबद्दल

संपादक महोदय,
माझे बाबा गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या डोंगरांत 31 वर्षं फॉरेस्ट गार्ड होते, 1999ला म्हादई अभयारण्य जाहीर झालं त्याच्याही आधीपासून. मार्च 2023मध्ये तिथं वणवे पेटले तेव्हा टीव्हीवर नौदलाची, हवाई दलाची हेलिकॉप्टरं दिसली, त्यांचं काम मोठंच, पण चढणीवर जमिनीलगत सरकणारी आग शेवटी माणसंच विझवतात, हिरव्या फांद्यांनी झोडपून, पायाखाली सुका पाचोळा आणि तोंडावर नुसता धूर. अशा रात्रीनंतर बाबा घरी यायचे तेव्हा भुवया करपलेल्या असायच्या, आई काही न बोलता खोबरेल पुढं करायची. पावसात मोजे काढले की जळवा, रक्त थांबता थांबायचं नाही. आणि लाकडं तोडताना ओळखीच्याच माणसाला अडवलं की गणेशचवथीला त्याच्या घरी जायची चोरी, हे मला सगळ्यात कठीण वाटतं. म्हादईतल्या व्याघ्र प्रकल्पावर एवढी चर्चा चालते, त्यात बीट, म्हणजे नेमून दिलेला जंगलाचा पट्टा, सांभाळणाऱ्या या गार्ड पोरांना धड बूट, प्यायला पाणी, विमा मिळतो का हेही कुणीतरी विचारा हो. उन्हाळा तोंडावर आलाय.

- एका निवृत्त गार्डची मुलगी, वाळपई